हिएइ पर्वत एका दिवसात जळाला, ओसाकाचा मठ दहा वर्षं का झुंजला?

बखरबहाद्दर

सोळाव्या शतकातला सरदार ओदा नोबुनागा याने हिएइ पर्वतावरचा मठ जाळला, ही गोष्ट जपानच्या इतिहासात थोडाफार रस असलेल्या कुणालाही ठाऊक असते. त्याच नोबुनागाला ओसाकाच्या मठापुढे दहा वर्षं तिष्ठत बसावं लागलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मला ही दुसरी गोष्ट मोठी वाटते. धागा त्यासाठी.

आधी हिएइ. क्योतोच्या ईशान्येला, बिवा सरोवराच्या कडेला ८४८ मीटर उंचीचा हा डोंगर. ७८८ साली साइचो नावाच्या भिक्खूने तिथे लहानसं देऊळ बांधलं, त्याचंच पुढे एन्र्याकुजी झालं, तेंदाई या बौद्ध पंथाचं मुख्य पीठ. ईशान्य दिशेने भुतंखेतं शिरतात अशी तिथली समजूत, म्हणून राजधानीचा राखणदार या नात्याने दरबाराने मठाला मानपान दिला, इनामं दिली. जमिनी आल्या की वसुली आली आणि वसुली आली की दंडुकेही आले. पायथ्याचं साकामोतो म्हणजे मठाचीच पेठ. सरोवरातून आलेला तांदूळ तिथे उतरायचा आणि घोड्यांवर लादून क्योतोला जायचा. क्योतोतल्या बहुतेक सावकारी पेढ्या एके काळी याच मठाच्या आश्रयाखाली होत्या. तेव्हा 'सैनिक भिक्खू' म्हणताना डोळ्यांपुढे नुसते तपस्वी आणू नका. जहागीरदार, सावकार आणि धर्मपीठ असा तिन्ही मिळून तो एकच कारभार होता.

त्यांचं खरं हत्यार नागिनाता नव्हतं (लांब दांड्याला वाकडं पातं, चित्रात नेहमी दिसतं ते). खरं हत्यार म्हणजे पायथ्याच्या हियोशी देवस्थानच्या पालख्या. दरबाराशी बिनसलं की भिक्खू डोक्याला कापड गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून, देवाची पालखी खांद्यावर घ्यायचे आणि थेट राजधानीत उतरायचे. पालखीला हात कोण लावणार? १०९५ साली फुजिवारा नो मोरोमिची या कारभाऱ्याने धीर करून जमावावर बाण सोडायला लावले. चार वर्षांनी, ऐन अडतिशीत तो वारला, आणि देवाचा कोप झाला हे सगळ्या क्योतोने मान्य करून टाकलं. त्यानंतर बाण सोडण्यापूर्वी प्रत्येक सेनापती दहादा विचार करू लागला. निवृत्त सम्राट शिराकावाच्या नावावर एक वचन सांगतात: कामो नदीचं पाणी, सोंगट्यांचे फासे आणि डोंगरावरचे भिक्खू, एवढे तीनच माझं ऐकत नाहीत.

आपापसातही त्यांचं जमत नसे. सरोवराकाठचं मिइदेरा हे तेंदाई पंथाचंच दुसरं पीठ, ते हिएइवाल्यांनी कितीदा जाळलं याला गणती नाही. १५३६ मध्ये त्यांनी क्योतोत उतरून निचिरेन पंथाची एकवीस देवळं पेटवली, त्या आगीत शहराचा दक्षिण भाग जवळजवळ पुरा गेला. आणि हिएइला आग लावणाराही नोबुनागा पहिला नव्हे. १४३५ मध्ये शोगुन (लष्करी शासक) आशिकागा योशिनोरीने मठाच्या पुढाऱ्यांची मुंडकी उडवली, तेव्हा संतापलेल्या भिक्खूंनी मुख्य मंदिराला स्वतःच आग लावून त्यात उड्या घेतल्या. १४९९ मध्ये होसोकावा मासामोतो या सरदाराने पुन्हा जाळलं.

आता नोबुनागा. १५६८ मध्ये तो क्योतोत शिरला. १५७० च्या शरदात असाई आणि असाकुरा या त्याच्या शत्रूंची फौज हिएइवर जाऊन बसली. नोबुनागाने निरोप धाडला: माझ्या बाजूने या, जप्त केलेल्या जमिनी परत देतो, ते जमत नसेल तर निदान तटस्थ राहा, तेही नसेल तर सगळं जाळीन. मठाने उत्तरच दिलं नाही. पालखीच्या जिवावर पाचशे वर्षं निभावलेल्यांना ही धमकी नेहमीचीच वाटली असणार. पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबर १५७१ ला, त्याने डोंगराला वेढा घातला, साकामोतो पेटवलं आणि सैन्य वर चढवलं. त्या काळच्या नोंदींमध्ये मेलेल्यांचे आकडे तीन-चार हजारांपर्यंत जातात.

तर हिएइ संपलं ते असं. शापाची भीती न बाळगणारा माणूस समोर आला आणि त्यांच्या भात्यात दुसरं फारसं काही उरलं नव्हतं. ओसाकाचं तसं नव्हतं.

ओसाकाचं इशियामा होंगानजी हे जोदो शिन्शू पंथाचं पीठ. इथले पुरोहित लग्न करतात, गादी बापाकडून मुलाकडे जाते, आणि अनुयायी म्हणजे शेतकरी, कोळी, नावाडी, कारागीर, गावोगावचे छोटे सामुराई. १४८८ मध्ये कागा प्रांतातल्या याच लोकांनी आपल्या सरदाराला संपवलं आणि पुढे नव्वदेक वर्षं तो प्रांत सरदाराविना चालवला. १५७० मध्ये अकरावे गादीधर केन्न्यो यांनी नोबुनागाविरुद्ध हाक दिली, तेव्हा एकाच डोंगरावर नाही, तर पाच-सहा प्रांतांत एकदम वणवा लागला. नागाशिमाच्या लोकांनी त्याच्या धाकट्या भावाला, नोबुओकीला, किल्ल्यात कोंडून मरण पत्करायला लावलं. १५७६ मध्ये ओसाकासमोर खुद्द नोबुनागाच्या पायात गोळी घुसली. हिएइवर त्याला असं कुणी ओरखडलंही नव्हतं.

जाणकारांनी भर घालावी.

मिसळ_दोन_पाव

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कॉम्प्युटर गेममध्ये हे भिक्खू युनिट बघितलं होतं, त्यामागे सावकारी आणि तांदळाची पेठ असेल असं वाटलं नव्हतं.

सम्यक_वाचक

धागा माहितीपूर्ण. पण आमच्या घरी रोज 'पाणातिपाता वेरमणी' म्हणून पहिलं, जीवहत्या न करण्याचं शील घेतलं जातं. हे लोक तेच शील घेऊन बाण कसे मारत होते? त्यांच्यात कुणालाच हे खटकलं नाही का?

बखरबहाद्दर

@सम्यक_वाचक, खटकलं होतं, आणि फार लवकर खटकलं होतं. ९७० मध्ये हिएइचे मुख्याधिपती र्योगेन यांनी सव्वीस कलमांची नियमावली काढली. शस्त्र घेऊन फिरणाऱ्या आणि तोंड झाकून वावरणाऱ्या भिक्खूंना तीत मनाई आहे. गंमत अशी की सैनिक भिक्खूंची प्रथा सुरू केल्याचं खापर नंतरच्या लोकांनी याच र्योगेन यांच्या माथी फोडलं.

दुसरं असं की लढणाऱ्यांत पूर्ण दीक्षा घेतलेले थोडे. मठाच्या जमिनी सांभाळणारे कारकून, देवस्थानाचे सेवेकरी, सामुराई घराण्यांतली धाकटी मुलं, असा तो गोतावळा होता. मुंडण केलेला हरेक माणूस आपल्या अर्थाने भिक्खू नव्हता. आणि धर्माचा ऱ्हासकाळ सुरू झालाय, आता रक्षणासाठी काहीही क्षम्य, हा युक्तिवाद तेव्हाही हाताशी होताच.

शंकेखोर

बखरबहाद्दर, लेख रंजक आहे पण मला त्यात नोबुनागाचं कौतुक जाणवलं. 'शापाची भीती न बाळगणारा माणूस' वगैरे. साकामोतोची माणसं जीव वाचवायला देवस्थानामागच्या हाचिओजी टेकडीवर पळाली होती. त्यात बायका होत्या, पोरं होती. त्यांना खाली ओढून आणून नोबुनागासमोर मुंडकी उडवली. हे लिहिणारा ओता ग्यूइची नोबुनागाच्याच पदरचा, म्हणजे शत्रूने केलेली बदनामी म्हणून उडवून लावता येणार नाही. त्या पोरांनी कुठल्या जकातनाक्यावर वसुली केली होती?

कोरांटी

यात एक भर. हिएइवर पुढे उत्खनन झालं, त्यात १५७१ च्या जळिताचे थर अपेक्षेपेक्षा फारच कमी सापडले. मुख्य मंदिर आणि सभामंडपाचा परिसर सोडला तर बऱ्याच वास्तू त्याआधीच ओस पडलेल्या असाव्यात. नाराच्या तामोनइन मठातला एइशुन हा भिक्खू १५७० मध्ये डोंगरावर गेला होता. देवळं मोडकळीला आली आहेत आणि भिक्खू बहुतेक खाली साकामोतोत राहतात, असं त्याने रोजनिशीत लिहिलं. म्हणजे हजारो मंदिरं धडाधड पेटली हे जे चित्र आपण बघतो, ते बरंचसं नंतर रंगवलेलं.

शंकेखोर

कोरांटीताई, इमारती कमी जळल्या म्हणून माणसं कमी मेली असं होत नाही. भिक्खू खाली राहत होते असं तुम्हीच म्हणताय, आणि कत्तल खालीच सुरू झाली.

कोरांटी

मान्य. मी इमारतींबद्दलच बोलत होते.

आणि फ्रोइश या पोर्तुगीज पाद्र्याचं वर्णन वाचताना जरा जपून. भिक्खू म्हणजे त्याच्या धंद्याचे स्पर्धक. डोंगर जळाला याचा त्याला झालेला आनंद लपत नाही. पण एक मजेची नोंद त्याच्याचकडे मिळते. हिएइ जळाल्यावर ताकेदा शिंगेन या प्रतिस्पर्धी सरदाराने नोबुनागाला पत्र लिहिलं आणि खाली सही केली 'तेंदाई पीठाचा मुख्याधिपती'. नोबुनागाने उत्तराखाली सही ठोकली 'सहाव्या स्वर्गाचा मारराज'. सहावा स्वर्ग म्हणजे परनिर्मितवशवर्ती, आणि तिथला राजा म्हणजे बोधिवृक्षाखाली बुद्धाला छळायला आलेला मार. @सम्यक_वाचक, तुमच्या ओळखीचा गृहस्थ निघाला बघा.

सम्यक_वाचक

हा हा! मार पार क्योतोपर्यंत पोचला म्हणायचा.

योदोगावा

ओसाकात बरीच वर्षं राहतोय, म्हणून लिहितो. होंगानजीची जागा म्हणजे आजचं ओसाका कॅसल. सगळे पर्यटक किल्ल्याचा फोटो काढतात, पण त्याच आवारात पंथाचे आठवे गादीधर रेन्न्यो यांच्या पाइन वृक्षाचा बुंधा जपून ठेवलाय. त्यावर त्यांनी आपली कषाय वस्त्रं टांगली होती अशी कथा आहे. १४९६ मध्ये इथे मठ बांधला तो त्यांनीच. बाजूला दगडावर 'नामु अमिदा बुत्सु' (अमिदा बुद्धाला वंदन) कोरलंय. त्या उंचवट्यावर उभं राहिलं की ही जागा का पडत नव्हती ते कळतं. उत्तरेला नदी, त्या काळी भोवती दलदल आणि फाटे, पश्चिमेला समुद्र. जमिनीवरून कितीही गराडा घाला, धान्य पाण्यावरून आत येणारच.

दुसरी जागा सांगतो, ती जास्त भारी आहे. वाकायामाच्या इवादे शहरात नेगोरोजी म्हणून शिंगोन पंथाचा मठ आहे. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांच्या बंदुका आल्या, आणि त्या सगळ्यांत आधी उचलणाऱ्यांत नेगोरोचे भिक्खू होते. शेजारी साइगाचे लोक, तेही बंदूकबाज, बहुतेक होंगानजीचे अनुयायी. नेगोरोतली काही मंडळी मात्र नोबुनागाकडून लढली. १५८५ मध्ये नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीने दोघांचाही निकाल लावला, नेगोरोजी जळून खाक झालं. वाचलेल्यांत आहे महास्तूपाचं लाकडी बांधकाम, चाळीसेक मीटर उंच. त्याच्या खालच्या मजल्यावरच्या लाकडात गोळ्यांची भोकं आजही तशीच आहेत. बोटाचं टोक आत जाईल एवढी. बोट घालायला मनाई आहे, मोह होतो.

मिसळ_दोन_पाव

फोटो टाका की राव!

दर्यावर्दी

पाण्याचा मुद्दा निघाला म्हणून. १५७६ मध्ये मठाच्या बाजूच्या मोरी या सरदार घराण्याचं आरमार सात-आठशे नावा घेऊन किझू नदीच्या मुखाशी आलं. मातीच्या भांड्यात बंदुकीची दारू भरून ती पेटवून फेकायची, हे त्यांचं तंत्र. ओदाच्या नावा जाळून त्यांनी मठात रसद पोचवली. वेढा जमिनीवर कितीही घट्ट असो, तो त्या दिवशी फुकट गेला.

मग नोबुनागाने कुकी योशिताका या दर्यावर्द्याकडून (नातं लागतं आमचं!) सहा अजस्र जहाजं बांधून घेतली. १५७८ मध्ये त्यांनी मोरींना उखडलं. ही जहाजं लोखंडाने मढवलेली होती असं सर्रास छापतात. ती नोंद मूळ आहे वर आलेल्या नाराच्या रोजनिशीत, आणि ती ऐकीव आहे. ओता ग्यूइचीच्या बखरीत लोखंडाचा उल्लेख नाही. ओर्गान्तिनो या पाद्र्याने ती जहाजं साकाईत पाहिली, तो तोफांबद्दल लिहितो, पत्र्याबद्दल काही बोलत नाही. माझं मत: काम तोफांनी आणि उंचीने केलं. एवढ्या उंच काठावर खालून मडकं फेकायचं म्हणजे हात भरून येणार.

बखरबहाद्दर

@दर्यावर्दी, दंडवत. हाच धडा त्याने आधी नागाशिमात घेतला होता, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

किसो, नागारा आणि इबी या तीन नद्या समुद्राला मिळतात तिथला हा बेटांचा पुंजका. नोबुनागाच्या ओवारी प्रांताच्या अगदी अंगणात. १५७१ मध्ये तो पहिल्यांदा चालून गेला आणि मागे फिरताना अरुंद वाटेवर मार खाल्ला. त्याच्या सरदारांपैकी शिबाता कात्सुइए जखमी झाला, उजिइए बोकुझेन मारला गेला. १५७३ ला पुन्हा तेच. १५७४ मध्ये मात्र त्याने कुकीची जहाजं खाड्यांत घातली, सगळे रस्ते बंद केले आणि किल्ल्यांत कोंडलेल्या लोकांना नुसतं उपाशी ठेवलं. शरण येऊन नावांत बसणाऱ्यांवर बंदुका झाडल्या. तेव्हा मरणाला टेकलेली काही माणसं नागव्याने, हातात तलवार घेऊन पाण्यातून ओदाच्या छावणीवर धावून आली आणि नोबुनागाच्या थोरल्या सावत्र भावासह अनेक आप्तांना मारून गेली. उरलेल्या दोन किल्ल्यांभोवती त्याने कुंपणं घातली आणि आत कोंडलेल्यांना जाळलं. ओता ग्यूइची आकडा देतो वीस हजार, स्त्रीपुरुष मिळून.

@शंकेखोर, कौतुकाचा आरोप मला मान्य नाही. उलट माझी तक्रार अशी की हिएइची आग सगळ्यांना पाठ आहे आणि नागाशिमा कुणाच्या गावी नाही. हिएइवर गेले ते नावाजलेले मठाधिपती आणि ग्रंथ, नागाशिमात गेले ते कोळी आणि शेतकरी. दुसऱ्याच वर्षी एचिझेन प्रांतात तसंच झालं. तिथून नोबुनागाने क्योतोतला आपला कारभारी मुराई सादाकात्सु याला पत्र लिहिलं, की फुचू गावात प्रेतांशिवाय मोकळी जागा उरलेली नाही.

शंकेखोर

हे मूळ लेखात असतं तर मी वाद घातला नसता. शीर्षकातलं 'एका दिवसात' तरीही मला खुपतंय.

गडवाटा

हे वाचून आपले गोसावी आठवले. अनुपगिरी गोसावी, हिंमतबहाद्दर. पानिपतावर शुजाउद्दौलाबरोबर आपल्या विरुद्ध बाजूला, नंतर महादजी शिंद्यांच्या पदरी, मग त्यांच्याशी बिघाड, आणि १८०३ मध्ये बुंदेलखंडात इंग्रजांच्या मदतीला. तेही मठवाले, सावकारी करणारे आणि शस्त्रधारी. सारखंच की!

बखरबहाद्दर

@गडवाटा, हिएइशी तुलना काही अंशी चालेल, सावकारी आणि शस्त्रं दोन्हीकडे आहेत. पण अनुपगिरी पगारी फौजेचा नायक, आज याच्याकडे उद्या त्याच्याकडे. होंगानजीच्या मागे गावंच्या गावं होती आणि त्यांना कुणी पगार देत नव्हतं. मठाच्या पेठांना करमाफी होती, कर्जमाफीच्या फर्मानांपासून संरक्षण होतं. शिवाय जत्थ्यात मेलात तर अमिदाच्या पवित्र भूमीत जन्म नक्की, हा भरवसा. नोबुनागाला हे तिन्ही एकदम मोडता येईना.

पेठेतला_पाहुणा

सगळं वाचलं. पण शेवटी जिंकलं कोण ते सरळ सांगा ना.

कोरांटी

सरळ उत्तर नाही. १५८० मध्ये सम्राट ओगिमाचीच्या मध्यस्थीने तह झाला, केन्न्यो मठ सोडून कीई प्रांतात सागिनोमोरीला गेले. थोरला मुलगा क्योन्यो अडून बसला, तोही काही महिन्यांनी निघाला आणि निघताना मठ जळाला. १५८३ मध्ये हिदेयोशीने त्याच जागी किल्ला बांधायला घेतला. पण १५९१ मध्ये त्याच हिदेयोशीने होंगानजीला क्योतोत जमीन दिली. १६०२ मध्ये हिदेयोशीनंतरचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याने क्योन्योला वेगळी जमीन देऊन पंथाच्या दोन फांद्या केल्या. पूर्व आणि पश्चिम होंगानजी आजही क्योतो स्टेशनच्या जवळ आहेत, दोन्ही गजबजलेले. ओदा घराणं सत्तेतून गेलं ते कायमचं. नोबुनागा स्वतः १५८२ मध्ये मेला तोही होन्नोजी या देवळातच मुक्कामाला असताना, आणि त्याला गाठणारा अकेची मित्सुहिदे म्हणजे हिएइ जाळल्यावर साकामोतो ज्याला बक्षीस मिळालं तो.

हत्यारं मात्र गेली. १५८८ मध्ये हिदेयोशीने गावोगावच्या तलवारी-बंदुका गोळा केल्या आणि जाहीर केलं, की हे लोखंड क्योतोच्या महाबुद्धाच्या मंदिरात खिळे आणि पट्ट्या म्हणून लागेल, द्याल तर पुण्य मिळेल.

पेठेतला_पाहुणा

शस्त्रं काढून घ्यायची आणि वर पुण्यही द्यायचं. मानलं गड्याला. हिएइचं काय झालं मग?

योदोगावा

पुन्हा उभं राहिलं. हिदेयोशीच्या काळात बांधकामाला परवानगी मिळाली, मुख्य मंदिर १६४२ मध्ये इएयासूचा नातू शोगुन तोकुगावा इएमित्सू याने पुरं केलं. पश्चिम विभागातलं शाक्य मंदिर तर चक्क मिइदेराहून उचलून आणलंय, ज्या मिइदेराला हेच लोक जाळत होते तिथलं. मुख्य मंदिरातला अखंड नंदादीपही १५७१ मध्ये विझला होता. पण त्याची ज्योत आधीच उत्तरेत यामागाताच्या रिश्शाकुजीला नेलेली होती, ती परत आणली.

मिसळ_दोन_पाव

ओसाकाला वेढा घालून बसलेल्या सेनापतीचं काय झालं? बढती?

बखरबहाद्दर

अजिबात नाही. १५७६ पासून ओसाकाचा वेढा साकुमा नोबुमोरीकडे होता, घराण्याचा जुना चाकर. तह होऊन मठ रिकामा झाला आणि त्याच महिन्यात नोबुनागाने एकोणीस कलमांचं फटकारपत्र त्याच्या हातात ठेवलं. पाच वर्षं बसलास, ना लढाई केलीस ना युक्ती, शत्रू भिक्खू आहेत म्हणून आपोआप दमतील असं वाटलं का, अशा थाटाचं. साकुमा पोराला घेऊन परागंदा झाला आणि आश्रयाला गेला कोया पर्वतावर, म्हणजे मठातच. तिथेही नोबुनागाने त्याला राहू दिलं नाही. १५८१ मध्ये कोयाचीच पाळी आली. त्यांनी नोबुनागाच्या शत्रूची माणसं लपवली आणि ओदाची माणसं मारली, त्याबदल्यात गावोगाव फिरणारे कोयाचे शेकडो भिक्षेकरी पकडून मारले गेले. कोयाच्या वेढ्याचा निकाल मात्र लागलाच नाही, त्याआधी होन्नोजी झालं.

गडवाटा

कोयावर वेगळा धागा काढा. आणि शंकेखोरांना शीर्षक आधी दाखवा.